मामांनी भरवलेलं प्रदर्शन

एकतीस वर्षं ते एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते आणि या एकतीस वर्षांत त्यांना कुणी नावानं हाक मारली नाही. मुलं ‘मामा’ म्हणायची, शिक्षक ‘मामा’ म्हणायचे, मुख्याध्यापकही ‘मामा’च म्हणायचे, फक्त म्हणताना घड्याळाकडे बघायचे. परीक्षानळ्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे, फुटलेली काच ओल्या फडक्यानं टिपायची, कुणाच्या बोटाला चटका बसला की ते बोट नळाखाली धरायचं, ही त्यांची कामं. “सगळ्या जगाचा मामा झालोय,” ते म्हणायचे, “आणि सगळं जग मलाच मामा बनवतंय.”

वर्षातून एकदा मात्र त्यांचा भाव वधारायचा. विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी. पाहुणे दहाला येणार म्हटल्यावर मामा सकाळी सहालाच हजर व्हायचे, कारण मुलांनी केलेल्या धरणाचं चाक हमखास अडकलेलं असायचं, ज्वालामुखीतून फेस यायचा नाही आणि पवनचक्की वारा नसतानाच काय, पंख्यासमोर धरली तरी ढिम्म हलायची नाही. “मामा, जरा बघा,” मुख्याध्यापक म्हणायचे. मामा बघायचे. थोडा डिंक, तारेचा तुकडा, खिशातली नवी बॅटरी. दहाला सगळं सुरळीत चालायचं, पाहुणे माना डोलवायचे, मुलांना वाटायचं आपलंच चाललं. मामांना त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती झाकायचं काम आपलं, इतका साधा त्यांचा हिशेब होता.

निवृत्त झाल्यावर ते मुलीकडे राहायला आले. मुलगी इस्पितळात रक्ताचे नमुने घ्यायची. सकाळी सातची पाळी, त्यामुळे पावणेसातला घराबाहेर. नवरा दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटून बसलेला, त्याचा विषय घरात निघत नसे. आणि एक नात. तिला मामा ‘ठिणगी’ म्हणायचे, कारण चालायला लागल्यापासून तिचा हात विजेच्या बटणांवरच असायचा.

ठिणगी नऊ वर्षांची असताना वर्गात तिला पहिल्यांदा फिट आली. मग महिन्याभरात आणखी दोन. शाळेनं आईला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अगदी गोड शब्दांत सांगितलं की ही जबाबदारी आम्हाला झेपायची नाही. त्या दिवसापासून ठिणगी घरीच शिकू लागली. सकाळी स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं की वर्ग सुरू. गुरुजी अर्थात मामा. गणित त्यांना आठवीपर्यंत येत होतं, पुढचं ते आदल्या दिवशी शिकून घ्यायचे. डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडल्या. बघता बघता दोन वर्षं झाली, फिट आली नाही.

पण मुलीनं एक गोष्ट पक्की ठरवून ठेवली होती. “बाबा, पुन्हा एक जरी फिट आली,” ती म्हणायची, “तर हे घरचं शिकणं बंद. इस्पितळाच्या मागे ती निवासी शाळा आहे ना, तिथं चोवीस तास नर्स असते. तिथं घालीन तिला.” हे ती धमकी म्हणून बोलत नसे. तिला तसंच वाटायचं. रोज सकाळी दार ओढून घेताना तिचा जीव मागे राहायचा, आणि तो तसा किती दिवस राहील हे तिलाच माहीत.

त्या गावात घरी शिकणारी अशी अकरा मुलं होती, सात घरांतली. महिन्यातून एकदा सगळी मोठ्या बागेत भेटायची. यंदा शिक्षण कार्यालयातून प्रत्येक घरी कागद आला. तपासनीस घरी येऊन मुलांचं शिक्षण बघतील, समाधान झालं तरच पुढच्या वर्षाची परवानगी मिळेल. सगळ्यांची पाचावर धारण बसली. कुणाच्या घरात एकच खोली, कुणाचा मुलगा परक्या माणसासमोर तोंडच उघडत नाही. त्यात एका मुलाचे वडील न्यायालयात टंकलेखक. वकिलांचे कागद टाइप करून करून त्यांना स्वतःलाच वकिली चढली होती. ते म्हणाले, “एकेकाच्या घरी आले की एकेकाला गाठतील. कायद्यानं बघायला गेलं तर—”

“कायदा राहू द्या,” मामा म्हणाले. आजवर त्या बैठकीत ते बाकाच्या टोकाला बसून शेंगा सोलाव्यात तसे शब्द तोंडातल्या तोंडात सोलत बसायचे. त्या दिवशी मात्र बोलून गेले. “आपणच त्यांना बोलावू. सगळ्या मुलांचे प्रकल्प एका जागी मांडू. प्रदर्शन भरवू. तपासनीस एकदाच येतील, सगळ्यांचं एकदमच बघतील. मला प्रदर्शनाचा अनुभव आहे.”

बेकरीवाली, जिच्या जुळ्या मुली दहा वर्षांच्या होत्या, टाळी वाजवून म्हणाली, “मामा, तुम्हीच प्रमुख!” आणि अशा रीतीनं मामांनी स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. आता बरं झालं तर अकरा मुलांचं, वाईट झालं तरी अकरांचंच, आणि दोन्हीला कारण एकच.

कार्यालयानं होकार कळवला. वाचनालयाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी त्याचं तळमजल्याचं सभागृह मिळालं. बारा टेबलं, चाळीस खुर्च्या. मामांनी कागदावर नकाशा काढला, दारापासून टेबलं किती पावलांवर, कुणाला प्लग लागणार, कुणाला पाणी. तयारीला दोन महिने. पहिल्याच बैठकीत ठिणगीनं सगळ्या मुलांकडून एक नियम मंजूर करून घेतला: फसलेला प्रयोगही मांडायचा, लपवायचा नाही. मामांच्या घशात हा नियम जरा अडकला, पण प्रमुखानंच खोडा कसा घालायचा?

तिचा स्वतःचा प्रकल्प होता खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंसाठी. त्यांना ऐकू येत नसे, आणि दारावर कुणी घंटी वाजवून वाजवून दमून परत जायचं. ठिणगी त्यांच्यासाठी घंटी दाबल्यावर दिवा लागेल असं यंत्र बनवत होती. आतापर्यंत तीन फसली होती. एकात दिवा लागायचा तो विझायचाच नाही.

प्रदर्शनाला सहा आठवडे असताना एका मंगळवारी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, ठिणगी अपूर्णांकांचं गणित करत होती. तिच्या हातातून पेन्सिल पडली. मामांनी वाकून उचलली आणि वर बघितलं तर तिची मान एका बाजूला वळलेली, डोळे पांढरे. ते तिला खुर्चीवरून खाली घेईपर्यंत हात थरथरायला लागले होते. पाऊण मिनिट असेल. मामांना ते पाऊण मिनिट अख्ख्या एकतीस वर्षांएवढं वाटलं.

शुद्धीवर आल्यावर ती बराच वेळ छताकडे बघत होती. मग पहिलं वाक्य बोलली ते हे, “आजोबा, आईला सांगू नकोस.”

“अगं, असं कसं—”

“ती मला त्या शाळेत घालील. प्रदर्शन पण नाही, तू पण नाही, काहीच नाही. एकदाच आलीये ना? परत आली तर सांगू. शप्पथ.” तिनं ओठांवर बोट ठेवलं. “अळीमिळी गुपचिळी.”

मामांनी तिच्याकडे बघितलं. कपाळावर घाम, गालावर फरशीचा ठसा उमटलेला. त्यांना जे करायला हवं होतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण आयुष्यभर पाहुणे यायच्या आत सगळं ठीकठाक करायची सवय लागलेला हात, तो मूठ झाकायलाच गेला. “अळीमिळी गुपचिळी,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली आणि भूकही. ठिणगी न्हाणीघरात जरा जास्त वेळ राहिली की ते दाराबाहेर उभे. हातातला चमचा खाली पडला तरी दचकायचे. मुलगी संध्याकाळी यायची, चपला काढता काढता विचारायची, “सगळं ठीक?” आणि मामा म्हणायचे, “ठीक.” एवढा एक शब्द. दर संध्याकाळी तो उच्चारणं त्यांना ओझं ओढल्यासारखं वाटायचं. “बाबा, त्या प्रदर्शनानं वाळलात तुम्ही,” मुलगी म्हणायची. आणि त्यांना ताटात जास्तीचं वाढायची, ते तर आणखीच अवघड व्हायचं.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. मामा ठिणगीला घेऊन सवयीनं सहालाच सभागृहात पोचले. टेबलं लावली, पांढरे कागद अंथरले, तारा चिकटपट्टीनं जमिनीला नीट चिकटवल्या. साडेआठला मुलं आली. कुणी पाव फुगण्याचा अभ्यास केलेला, कुणी आपल्या गल्लीतल्या प्रत्येक दाराच्या पायरीची उंची मोजून आजीच्या चाकाच्या खुर्चीला कुठं कुठं जाता येत नाही त्याचा नकाशा काढलेला. टंकलेखकांचा मुलगा, जो परक्यांसमोर बोलत नसे, त्यानं टाइपरायटरवर सगळं टाइप करून लावलेलं. शेवटच्या टेबलावर ठिणगीची चार यंत्रं रांगेनं, तीन फसलेली आणि एक चालणारं.

फक्त चालणारं चालत नव्हतं.

मामांनी एका नजरेत ओळखलं. बटणाखालचा सोल्डर केलेला तारेचा सांधा सुटला होता. दोन मिनिटांचं काम. ठिणगी जुळ्या बहिणींबरोबर पाणी प्यायला गेली होती. मामांचा हात खिशातल्या पेचकसाकडे गेला, यंत्राचं झाकण अर्धं उचललं—

“आजोबा. हात बाजूला.”

ती मागेच उभी होती. रागावलेली नव्हती, पण डोळे मोठे केलेले. मामांनी चोरी पकडल्यासारखा हात मागे घेतला. “मी आपलं बघत होतो.”

“तू बघतोस म्हणजे काय करतोस ते माहितीये मला,” ती म्हणाली आणि खुर्ची ओढून स्वतःच सांधा शोधायला बसली.

साडेदहाला तपासनीस बाई आल्या. साध्या चेहऱ्याच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, हातात पातळ फाइल. सगळ्या पालकांनी एकदम नमस्कार केला, कुणाच्या तरी हातून पाण्याचा पेला सांडला. बाईंनी मामांना विचारलं, “आयोजक आपण? शिक्षक होतात का?”

“नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस.”

“म्हणजे शिपाई?”

“मदतनीस,” मामा म्हणाले. बाईंनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. त्या दोघांतलं काय लिहिलं ते दिसलं नाही.

बाई प्रत्येक टेबलाशी दहा दहा मिनिटं थांबत होत्या. हसत नव्हत्या, रागवतही नव्हत्या. पायऱ्यांच्या नकाशाशी त्यांनी विचारलं, “ही संख्या चुकली तर कसं कळेल?” आणि नकाशावाली मुलगी म्हणाली, “दोनदा मोजली. तिसऱ्यांदा आईनं मोजली. आईची चुकली.” एक क्षण बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. मामा भिंतीला पाठ लावून उभे होते. बाई बघत होत्या टेबलांकडे, पण मामा बघत होते फक्त ठिणगीकडे. सकाळपासून तिनं काही धड खाल्लं नव्हतं, रात्रीही उशिरापर्यंत जागी होती, हे त्यांना आत्ता आठवत होतं. ती आठव्या टेबलाशी उभी राहून हाताच्या बोटांशी चाळा करत होती. मग चाळा थांबला.

मामा निघाले, पण सभागृह मोठं होतं. ते निम्म्यात पोचले तोवर ठिणगी खाली पडली होती.

खुर्ची आपटल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ सगळे एकदम ओरडले. “चमचा आणा! चमचा!” टंकलेखक किंचाळत होते. “दातांमध्ये घाला काहीतरी! हात धरा तिचे!” कुणीतरी खरंच पाव कापायची सुरी घेऊन धावलं.

“तोंडात काही घालायचं नाही!” हा आवाज बेकरीवालीच्या एका मुलीचा होता. दहा वर्षांची पोर, पण अशी गरजली की टंकलेखक जागच्या जागी थबकले. “हात पण धरायचे नाहीत! खुर्च्या बाजूला करा!”

आणि मुलं कामाला लागली. दोघांनी खुर्च्या ओढल्या, एकानं टेबलाचा कोपरा धरून टेबल सरकवलं. दुसऱ्या जुळीनं स्वतःचा स्वेटर काढून ठिणगीच्या डोक्याखाली सारला. जो मुलगा परक्यांसमोर तोंड उघडत नसे तो भिंतीवरच्या घड्याळाखाली उभा राहिला आणि मोठ्यानं मोजायला लागला, “दहा सेकंद. वीस सेकंद.” पहिल्या जुळीनं ठिणगीला हळूच कुशीवर वळवलं आणि वर बघून म्हणाली, “मामा, पाच मिनिटं झाली तर रुग्णवाहिका. तोवर नाही. तिनं सांगितलंय.”

“कधी सांगितलं?” मामांच्या तोंडून कसंबसं निघालं.

“पहिल्याच दिवशी. बागेत. आम्ही सगळ्यांनी सराव केलाय, ती पडायचं नाटक करायची.”

मामा नातीच्या पायाशी गुडघे टेकून बसले. त्यांना करायला काहीच उरलं नव्हतं. “एक मिनिट पन्नास,” मुलगा म्हणत होता, आणि त्याचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. “दोन मिनिटं. दोन मिनिटं दहा.” ठिणगीचे हातपाय सैल पडले. एक लांब श्वास आला. तो सगळ्यांना ऐकू गेला.

तपासनीस बाई इतका वेळ उभ्याच होत्या. आता त्या खुर्चीवर बसल्या. फाइल मिटून मांडीवर ठेवलेली.

ठिणगीला बाकावर निजवलं. ती गाढ झोपली, फिटनंतर झोपायची तशी. बेकरीवालीनं इस्पितळात फोन केला आणि पंधरा मिनिटांत मुलगी आली, पांढरा कोट तसाच अंगावर.  तिनं आधी लेकीची नाडी बघितली, डोळ्यांच्या पापण्या उचलून बघितल्या, कपाळावरचे केस मागे सारले. मग उभी राहिली. चेहरा कागदासारखा.

बाईंनी फाइल उघडली. “मला हे नोंदवावं लागेल,” त्या म्हणाल्या. आवाजात कठोरपणा नव्हता, पण मऊपणाही नव्हता. “याआधीची फिट कधी आली होती?”

“दोन वर्षं झाली,” मुलगी ठामपणे म्हणाली. “दोन वर्षं आणि दोन महिने. मध्ये एकही नाही. घरी माझे वडील तिच्यासोबत असतात. डोळ्यांत तेल घालून बघतात.”

बाईंनी लिहायला पेन टेकवलं.

मामांनी सगळ्यांचे चेहरे बघितले. टंकलेखक हळूच मान हलवत होते, बरोबर, बरोबर, म्हणून. बेकरीवाली हात जोडून उभी. दोन वर्षं आणि दोन महिने. किती भक्कम वाक्य होतं. त्याच्या आधारावर परवानगी मिळाली असती, निवासी शाळा टळली असती. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायला तर त्यांच्याएवढं कुणाला येत होतं!   पेन कागदावर सरकायला लागलं.

“तसं नाही,” मामा म्हणाले. “सहा आठवड्यांपूर्वी आली होती. मंगळवारी, साडेदहाला. पाऊण मिनिट. घरी. मी कुणाला सांगितलं नाही.”

 मुलगी त्यांच्याकडे वळली. इतक्या वर्षांत ती त्यांच्यावर रागावलेली त्यांनी कितीदा बघितली होती. पण ही नजर रागाची नव्हती. अनोळखी माणूस घरात शिरलेला दिसावा तशी ती बघत होती.

“आणि तिची चूक नाही त्यात,” मामा म्हणाले. “ती लहान आहे. मी लहान नाही.”

बाईंनी पेननं एक ओळ खोडली आणि नवी लिहिली. मग म्हणाल्या, “उरलेली तीन टेबलं बघते.” त्यांनी दोन बघितली. तिसऱ्याशी, शेवटच्या टेबलाशी, त्या थांबल्या आणि बाकाकडे बघून म्हणाल्या, “ही उठेपर्यंत थांबते मी.” बेकरीवालीनं बिस्किटं पुढे केली. बाईंनी एक घेतलं आणि चाळीस मिनिटं तिथं बसून राहिल्या. 

ठिणगी उठली ती भेलकांडतच. जीभ जड झालेली. “माझं टेबल बघितलं?” तिनं विचारलं. आईनं तिला दंडाला धरून टेबलाशी नेलं.

“हे यंत्र,” ठिणगी म्हणाली, “खालच्या आजींसाठी. त्यांना ऐकू येत नाही. हे... हे दाबायचं...” तिला ‘बटण’ हा शब्द आठवेना. ती शोधत राहिली, ओठ हलले, बोट त्या बटणावरच टेकलेलं. मामांच्या जिभेवर शब्द आला होता. त्यांनी दात आवळून धरले. बाईही थांबल्या. बऱ्याच वेळानं ठिणगी म्हणाली, “बटण,” आणि दाबलं.

दिवा लागला नाही. तिनं पुन्हा दाबलं. नाही.

“सकाळी लागला होता,” ती म्हणाली. तिनं झाकण उघडून आत बघितलं, पण डोळे तारांवरून नुसतेच घरंगळत होते. “आता लागत नाहीये. का ते मला आत्ता कळत नाहीये. डोक्यात सगळं... भरलंय. उद्या कळेल मला.”

बाईंनी हे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. मामांनी त्यांच्या खांद्यामागून वाचले. मग बाईंनी फाइल मिटली, सगळ्या मुलांना एकदा नमस्कार केला आणि निघून गेल्या.

पुढचे नऊ दिवस मुलगी मामांशी बोलली नाही. सकाळी पावणेसातला ती ठिणगीला बेकरीत जुळ्यांकडे सोडायची आणि संध्याकाळी घेऊन यायची. मामा रिकाम्या स्वयंपाकघरात बसून राहायचे. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. ते म्हणाले होते की सहा आठवड्यांपूर्वी कळलं असतं तर तेव्हाच बदलल्या असत्या, कदाचित ही दुसरी आलीही नसती. हे ठिणगीनंच येऊन सांगितलं, आणि सांगून झाल्यावर आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. “गुपचिळी मी म्हणाले होते,” ती म्हणाली. मामांनी तिला थोपटलं. त्यांना स्वतःला कुणी थोपटणार नव्हतं, आणि तसं कुणी करावं असं त्यांना वाटतही नव्हतं.

दहाव्या दिवशी सकाळी मुलगी चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर बसली. सुट्टीचा दिवस होता.

“का केलंत बाबा असं?”

“वाटलं, तुझा जीव उगाच टांगणीला लागेल.”

“माझा जीव टांगणीलाच असतो,” ती म्हणाली. “सव्वादोन वर्षं झाली. मला फक्त तो कशाला टांगलाय ते माहीत हवं असतं. तेवढंच तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत.”

मामांनी टेबलावर सांडलेला चहाचा थेंब बोटानं पुसला.  मग ती म्हणाली, “सभागृहात तरी का बोललात? मी सांगितलं होतं की सगळं.”

“तू खरं समजून सांगत होतीस,” मामा म्हणाले. “ते ऐकवेना.”

तिनं कपातला उरलेला चहा संपवला. मग उठली आणि जाता जाता म्हणाली, “उद्यापासून तिला बेकरीत नेणार नाही. पण मला विचारावं लागता कामा नये. मी दारात आले की आधी तुम्ही सांगायचं. आलेली असो, नसो.”

तीन आठवड्यांनी शिक्षण कार्यालयाची पत्रं आली. दहा मुलांना पूर्ण वर्षाची परवानगी. ठिणगीला सहाच महिन्यांची, आणि अटी तीन: डॉक्टरांचा दाखला, घरात एकाऐवजी दोन जाणती माणसं, आणि प्रत्येक फिटची लेखी नोंद. टंकलेखक म्हणाले, “मामा, गप्प बसला असतात तर पूर्ण वर्ष मिळालं असतं. कायद्यानं बघायला गेलं तर तुम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.” मामा म्हणाले, “हो, नव्हतंच विचारलं.” बेकरीवालीनं मात्र दुसऱ्या माणसाच्या जागी सही केली. दुपारी बेकरीची भट्टी थंडावली की ती तासभर येऊन बसते, आणि ठिणगीकडून वजनमापांची गणितं सोडवून घेते, आपल्या बेकरीचीच.

निवासी शाळेचा विषय संपलेला नाही. मुलगी मधूनमधून तो काढते, तिथली नर्स आपल्या ओळखीची आहे असंही सांगते. मामा आता त्यावर हो किंवा नाही म्हणत नाहीत, ऐकून घेतात. पुढच्या प्रदर्शनाचं प्रमुखपण टंकलेखकांकडे गेलं. टेबलं मांडायला मामांना बोलावणार आहेत.

संध्याकाळी सव्वासातला जिन्यावर मुलीची पावलं वाजतात. मामा उठून दाराशी जाऊन उभे राहतात. ती चपला काढायच्या आत ते सांगतात. “आज काही नाही.” बहुतेक दिवस हेच असतं. दोनदा मात्र वेगळं होतं. “आज सकाळी पावणेअकराला. चाळीस सेकंद. नंतर अर्धा तास झोपली. जेवली नीट.” दोन्ही वेळा मुलीनं मान हलवली, पिशवी खाली ठेवली आणि आधी लेकीच्या खोलीत गेली. मग बाहेर येऊन म्हणाली, “तुम्ही जेवलात का?”